नाहीशी झालेली भेग

१

भेग बांधावर होती, चित्रात मात्र नव्हती.

सकाळी पावणेनऊला नकाशा विभागाच्या खोलीत एकाच संगणकाभोवती पाच माणसं दाटीवाटीने उभी होती. पडद्यावर तलावाच्या मातीच्या बांधाचं वरून टिपलेलं चित्र होतं, तीन महिन्यांपूर्वी ड्रोनने काढलेलं. बांध अभियंत्याच्या मोबाइलवर त्याच जागेचा आज सकाळचा फोटो होता. त्यात बांधाच्या माथ्याला धरून एक भेग लांबच लांब गेली होती. मापासाठी पहारेकऱ्याने तिच्या कडेला आपली चप्पल ठेवली होती. टेप लावल्यावर भेग त्रेचाळीस मीटर भरली होती.

पडद्यावर त्या जागी नुसतं गवत होतं.

“मग झालं तर,” अभियंत्याने कपाळ पुसलं. “तीन महिन्यांपूर्वी नव्हती, म्हणजे आत्ताची आहे. उन्हाने माती सुकते, वरवर तडकते. माती भरून दाबून घेऊ.”

“होती,” मागून आवाज आला. ड्रोन उडवणारा बोलला होता. त्याला सगळे घार म्हणत. “मी उडवत होतो तेव्हा माझ्या पडद्यावर दिसली होती. केसासारखी रेघ.”

भेग नवी असेल तर चार ट्रक मातीचं काम होतं. जुनी असेल आणि वाढत वाढत इथवर आली असेल, तर बांधाची अख्खी बाजू हळूहळू घसरत होती. मग पाणी सोडायला हवं होतं, आणि खालच्या वस्तीतली सहाशे घरं आजच्या आज रिकामी करायला हवी होती. दुपारी चारला बैठक होती. निर्णय या एका चित्रावर ठरणार होता.

विभागाचे साहेब हळूच वळले. “चिमटी, तीन आठवड्यांपूर्वी जागा वाचवायला तू फायली बारीक केल्यास. त्यात ही होती ना?”

अंगाने चिमटीभर आणि काम ढीगभर, असं साहेबच एकदा म्हणाले होते. तेव्हापासून विभागात तिचं नाव चिमटी पडलं होतं. तिने मान हलवली.

“मूळ फाईल?”

“काढून टाकली. तुम्हीच म्हणालात की...”

“आणि बॅकअप?”

सर्व्हर सांभाळणारा खाली बघत म्हणाला, “बॅकअपच्या डिस्कवरच तर जागा करत होतो.”

घारीचे सुटे फोटोही पुढच्या उड्डाणाआधी कार्डावरून पुसले गेले होते. साहेबांनी चिमटीच्या खांद्यावर हात ठेवला. “घाबरू नकोस, पोरी. चूक कोणाच्याही हातून होते. एवढंच लिहून दे, की फाईल दाबताना तपशील गेला. लेखी दिलंस की पुढचं मी बघतो.”

टेबलावरचा तिचा फोन थरथरला. ताई. तिची सख्खी मोठी बहीण त्या बांधाखालच्या वस्तीत राहत होती, सासू आणि दोन मुलींसह.

२

चौकशीसाठी मुख्य कार्यालयातून तपासनीस बाई आल्या तेव्हा दहा वाजले होते. बाईंनी तीस वर्षं छापील नकाशे तपासले होते. टेबलावर वाकून वाकून त्यांची मान कायमची पुढे झुकली होती, त्यामुळे त्या सतत काहीतरी शोधत असल्यासारख्या दिसत. त्यांनी बाकीच्यांना बाहेर बसवलं आणि चिमटीसमोर खुर्ची ओढली.

“मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही असं समज, आणि सांग. चित्र बारीक करायचं म्हणजे काय करायचं?”

चिमटी खुर्चीत सरळ बसली. “चित्र म्हणजे बारीक बारीक चौकटींची जाळी. प्रत्येक चौकटीला रंगाचा एक आकडा. असे कोट्यवधी आकडे असतात. जागा वाचवायचे दोन मार्ग आहेत. एकात आकडे घडी घालून ठेवायचे. शंभर चौकटी सारख्याच हिरव्या असतील तर ‘हिरवा’ शंभर वेळा लिहायचं नाही, ‘हिरवा, शंभर वेळा’ एवढंच लिहायचं. उघडलं की जसंच्या तसं.”

“साडीची घडी केल्यासारखं.”

“हो. दुसऱ्यात बारीकसारीक तपशील सोडून द्यायचे. फाईल अगदी इवलीशी होते, पण गेलं ते गेलं.”

“म्हणजे साडी कापून रुमाल. तू काय केलंस?”

“घडी,” चिमटी म्हणाली. मग आवाज बारीक झाला. “असं वाटतं.”

“वाटतं?”

“दोनशे बारा फायली होत्या, बाई. तीन दिवस तेच चाललं होतं. एखाद्या वेळी बोट चुकलं असेल तर? सकाळपासून डोक्यात तेच फिरतंय. मला खरंच आठवत नाही हो.” तिचे हात मांडीवर एकमेकांत गुंतले होते. “आणि माझं बोट चुकलं असेल, तर तिकडे माझी ताई...”

“रडायला संध्याकाळ पडली आहे. काही लिहून ठेवलं होतंस?”

चिमटीने खणातून वही काढली. प्रत्येक फाईलचं नाव, आधीचा आकार, नंतरचा आकार, सगळं ओळीने होतं. बाईंचं बोट खाली सरकत गेलं. बांध, पूर्व बाजू. आधी ३.९ जीबी. नंतर २.२.

“कापली असतीस तर केवढी झाली असती?”

“पाव जीबी. फार तर अर्धा.”

“आणि इथे तर निम्म्याहून जास्त उरली आहे. म्हणजे घडीच. तुझ्या हाताने तुझी साक्ष दिली की गं!”

चिमटीच्या छातीवरचं ओझं जरा हललं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, “आता ती फाईल आत्ता केवढी आहे ते बघ.”

तिने बघितलं, आणि परत बघितलं. हाताने बारीक केलेली फाईल पुन्हा होती तेवढी झाली होती. ३.९.

३

सर्व्हर सांभाळणाऱ्याला कुलूप म्हणत. तो खोलीला, कपाटाला आणि जेवणाच्या डब्यालाही कुलूप लावी. बाईंनी फाईल फुगल्याचं सांगताच तो ताडकन उठला.

“ती होय! परवा दुपारी एक ते दोनमध्ये डिस्क एकदम पावणेदोन जीबीने भरली. माझ्या आलेखात टेकाड आलंय बघा. मी बोंबललो, पण ऐकतो कोण?”

“कोणी केलं ते कळेल?”

“कसं कळणार? एवढी कुलपं लावतो मी, आणि पासवर्ड सगळ्यांना एकच. भिंतीवर चिकटवलाय. या, वाचा.”

“तूच केलं नसशील कशावरून?”

तो दुखावला. “बाई, घडी न घालता फाईल ठेवायची? मी? अहो, मी रिकाम्या पिशव्याही घडी घालून ठेवतो. बायको वैतागते.”

घार खिडकीपाशी उभा राहूनच बोलला. परवा दुपारी तो ऑफिसातच होता, ड्रोनच्या बॅटऱ्या चार्ज होत होत्या. “रेघ मी तीन महिन्यांपूर्वीच पाहिली होती. कच्च्या नकाशाच्या प्रिंटवर लाल पेनाने गोल करून याच विभागात देऊन गेलो.”

“कोणाच्या हातात?”

“हातात नाही, टेबलावर ठेवली. जेवायची सुट्टी होती. नंतर कोणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. माझं काम कंत्राटी आहे, बाई. फार प्रश्न विचारणाऱ्याला पुढच्या वर्षी बोलावत नाहीत.” तो थांबला. “पण आज गप्प बसवेना.”

बांध अभियंत्याच्या बुटांवरचा चिखल अजून ओला होता. “बांध निर्दोष असल्याच्या दाखल्यावर तीन महिन्यांपूर्वी सही माझी आहे,” त्याने स्वतःच सांगून टाकलं. “चित्रावरून आखून नकाशा विभागाने जो नकाशा पाठवला, त्यात भेग दाखवलेली नव्हती. त्यावर विसंबलो. भेग जुनी निघाली तर पहिला मी अडकतो, हे मला कळतंय.”

“परवा दुपारी कुठे होता?”

“दुसऱ्या तलावावर. इथून तीन तासांवर. भेगेचं मला काल संध्याकाळी कळलं, पहारेकरी चिठ्ठी घेऊन पायी आला तेव्हा.”

शेवटी साहेब आले. त्यांनी आधी बाईंना पाणी विचारलं. “पोरगी गुणी आहे,” ते म्हणाले. “उगाच तिच्या नोकरीवर येऊ नये असं मला वाटतं. तिने लेखी द्यावं, प्रकरण इथेच संपेल.”

“तुम्हाला भेगेबद्दल कधी कळलं?”

“आज सकाळी. अभियंत्यांनी फोटो दाखवला तेव्हा.”

“आणि परवा दुपारी?”

“इथेच, माझ्या खोलीत. चिमटी तेवढी रजेवर होती.”

ते बरोबर होतं. त्या दिवशी चिमटी वडिलांना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात बसली होती, सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत.

बाहेर बाकावर चिमटी ताईशी बोलत होती. “अगं, नुसती बॅग भरून ठेव.”

“पण का? तू काहीतरी लपवतेयस.”

“लपवत नाहीये गं. मला माहीतच नाही!”

“सासूबाई विचारतात, जायचं तर कुठे जायचं. त्यांना काय सांगू?”

चिमटीने वर पाहिलं. घड्याळात दीड वाजला होता.

४

दोन वाजता बाईंनी पहारेकऱ्याला फोन लावला आणि आवाज मोठा करून ठेवला. म्हातारा बांधावरच होता. त्याच्या बोलण्यात वारा घुसत होता.

“चिठ्ठी काल दिलीत,” बाईंनी विचारलं. “पण भेग दिसली कधी?”

“परवाच की! साडेबाराला तुमच्या नकाशा ऑफिसात फोन केला होता. पुरुषाने उचलला. मी सांगितलं, पाण्याच्या अंगाला भेग आहे, माझा हात मनगटापर्यंत आत जातो. तो म्हणाला, लेखी कळवा.”

“नाव सांगितलं?”

“नाही. एवढंच म्हणाला आणि ठेवला. मला कुठलं लिहिता येतंय बाई, नातीकडून लिहून घेईपर्यंत काल दुपार झाली.” वारा सूं सूं करत राहिला. “इथे माती सकाळपेक्षा खाली बसलीय असं मला वाटतंय. लवकर करा काय ते.”

फोन बंद झाला. बाई पडद्याकडे वळल्या.

“छापील नकाशे तपासताना आमचा एक नियम होता. कुठलाही नकाशा एकटा बघायचा नाही. तोच भाग लहान मापाच्या नकाशावरही बघायचा. खाडाखोड करणारा एकाच कागदावर करतो, दुसरा विसरतो. या चित्राची लहान प्रत आहे का कुठे?”

“नाही. मूळ गेलं, आणि हे एवढंच...”

“मग यातच लांब जा. हळूहळू.”

सकाळपासून सगळ्यांनी त्या जागेवर थेट जवळ जाऊनच पाहिलं होतं. फार लांबून बघितलं तर बांध दोरीएवढा दिसे, त्यात भेग काय दिसणार? चिमटीने माउसचं चाक एक एक घर मागे फिरवलं. गवताची पाती मिटली, हिरवा पट्टा झाला. आणखी एक घर मागे.

पट्ट्यावर एक काळसर केस पडला होता.

तिने पडद्यावरून बोट फिरवलं. केस निघाला नाही. ती पुन्हा जवळ गेली. नुसतं गवत. मागे आली. केस. “बाई, मला दिसतंय. जवळ गेलं की नाही, लांब आलं की आहे. माझं डोकं फिरलंय का?”

“मलाही दिसतंय,” बाई शांतपणे म्हणाल्या. “आता दोघींची डोकी एकदम फिरली नसावीत. असं का होतं ते सांग.”

चिमटीने डोळे मिटून घेतले. आणि मग तिच्या तोंडून शब्द आला, “पिरॅमिड!”

५

तीन वाजून पाच मिनिटांनी सगळे पुन्हा त्याच खोलीत जमले. बाई उभ्या राहिल्या नाहीत. “आधी ही सांगेल, मग मी.”

चिमटीने पडद्याकडे बोट केलं. “एवढं मोठं चित्र दर वेळी पूर्ण उघडायला वेळ लागतो. म्हणून सॉफ्टवेअर त्याच्या लहान लहान प्रती करून वेगळ्या फाईलमध्ये ठेवतं. एकावर एक, निमुळत्या होत जाणाऱ्या, म्हणून पिरॅमिड. आपण लांबून बघतो तेव्हा पडद्यावर त्या लहान प्रती असतात. अगदी जवळ गेलो तरच मुख्य चित्र येतं. पिरॅमिडमध्ये भेग आहे. मुख्य चित्रात नाही.”

“म्हणजे दाबताना गेली,” साहेब म्हणाले. “मी तेच म्हणतोय.”

“नाही, साहेब. पिरॅमिडची तारीख बघा. मी फाईल बारीक केली, त्यानंतर तासाभराने त्याच बारीक फाईलवरून ते केलंय. म्हणजे बारीक झाल्यावरही भेग चित्रात होती.” तिने श्वास घेतला. “माझ्या हातून काही गेलं नव्हतं.”

“मग नंतर कोणीतरी मुख्य चित्र उघडलं,” बाईंनी सूत्रं हातात घेतली, “आणि शेजारचं गवत उचलून भेगेवर रंगवलं. ठेवताना घडी घालायची राहिली, म्हणून फाईल फुगली. कुलपाच्या आलेखातलं टेकाड ते हेच. दोन पूर्णांक दोनची तीन पूर्णांक नऊ झाली, पावणेदोनची वाढ. परवा, एक ते दोन. आता त्या वेळी कोण कुठे होतं? ही दवाखान्यात. अभियंता तीन तासांवर, आणि भेगेची त्यांना खबरच नव्हती. कुलूप इथे होता, पण त्याच्या हातून घडी न घालता फाईल ठेवली जाणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणं.”

कुलपाने अभिमानाने मान हलवली.

“घार इथे होता. पण भेग होती असं ओरडून सांगणारा तोच. पुसायची असती तर आज गप्प बसला असता. गप्प बसण्यातच त्याचा फायदा होता.” बाई थांबल्या. “पुसणाऱ्याला परवा एक वाजण्याआधी भेगेची बातमी कळलेली असणार. ती बातमी फक्त एका माणसाला होती, ज्याने साडेबाराला पहारेकऱ्याचा फोन घेतला. तो पुरुष होता, आणि त्याने सांगितलं, लेखी कळवा. साहेब, या ऑफिसात प्रत्येक गोष्ट लेखी कोण मागतं?”

कोणी साहेबांकडे पाहिलं नाही.

“हे शब्द कोणीही म्हणेल,” साहेब म्हणाले.

“म्हणेल. म्हणून मी घारीची प्रिंट शोधली. तुमच्या खोलीतल्या ‘पूर्ण’ लिहिलेल्या गठ्ठ्यात आहे, आत्ताच बघून आले. लाल गोलाशेजारी पेन्सिलने लिहिलंय, ‘सावली.’ अक्षर तुमचं आहे.”

साहेब खाली बसले. त्यांनी चष्मा काढला.

“मला ती सावलीच वाटली होती,” ते म्हणाले. “खरंच वाटली होती. काम संपवायची घाई होती, आणि मी कोणाला विचारलं नाही. परवा तो फोन आला. चित्र उघडलं. बघतो तर ती सावली नव्हती. पण मी स्वतःला सांगितलं, सावली पुसतोय. सावली पुसली तर काय बिघडतं?”

“आणि मला लिहून द्यायला सांगितलंत,” चिमटी म्हणाली. तिला ओरडायचं होतं, पण आवाज निघाला तो अगदी साधा. “माझी ताई राहते तिथे खाली. तुम्हाला माहीत होतं. तिच्या धाकटीच्या बारशाला तुम्ही आला होतात.”

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“ते नंतर!” अभियंता एकदम पुढे झाला. “मला फक्त एक सांग. त्या पिरॅमिडमधली भेग मोजता येईल?”

चिमटी खुर्चीत बसली. माउस जपून सरकवत तिने रेघेचं एक टोक टिपलं, मग दुसरं. पडद्यावर आकडा आला.

“अकरा मीटर. एखाददुसरा मीटर इकडेतिकडे.”

“तीन महिन्यांत अकराची त्रेचाळीस,” अभियंता म्हणाला. तो बैठकीची वाट पाहत थांबला नाही. फोन कानाला लावतच जिना उतरला, आणि खालून त्याचा आवाज आला, “दरवाजे उघडा. सगळे. हो, मी सांगतोय, लेखी मागाहून देतो!”

६

त्या संध्याकाळी वस्ती रिकामी झाली. सोपं गेलं नाही. कोणी गुरं सोडून यायला तयार नव्हतं, कोणाला वाटलं सरकारला जागा हडपायची आहे. चिमटी स्वतः गेली, ताईच्या मुलींना दोन हातांना धरून शाळेच्या सभागृहापर्यंत चालत आली. ताईची सासू मागून बडबडत होती. “एका चित्रावरून कोणी घर सोडतं का? आमच्या सबंध जन्मात बांधाला काही झालं नाही.”

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाणी उतरत होतं, बांध जागच्या जागी होता. लोक कुरकुरायला लागले. अभियंता रोज दोनदा बांधावर जाई आणि तोंड पाडून परत येई. चिमटी रात्री सतरंजीवर पडून हिशेब करी, अकरा खरंच अकरा होते का? टोक नीट धरलं होतं ना? साहेबांना निलंबित केल्याचं कळलं, पण त्याने जिवाला शांतता वाटेना.

तिसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी बांधाची पूर्व बाजू माथ्यासकट तलावात उतरली. दोनशे फूट लांबीची दरड, आवाज म्हणे लांबवर पोत्यातून धान्य ओतावं तसा आला. पाणी तोवर निम्म्यावर आलं होतं, त्या खिंडारापेक्षा खूप खाली. थेंबभरही वस्तीकडे आलं नाही.

घारीने वरून चित्र काढून चिमटीला पाठवलं. सभागृहात तिच्याभोवती गर्दी झाली. ताईच्या सासूने फोन मागून घेतला आणि डोळ्यांजवळ धरला.

“हे आपल्या घराच्या डोक्यावरचं?”

“हो.”

म्हातारीने कितीतरी वेळ फोन सोडला नाही. चित्र मोठं कसं करायचं ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती नुसतीच त्यावरून अंगठा फिरवत होती. मग तिने फोन चिमटीच्या हातात दिला आणि पदर सावरला.

“तीन दिवस धड जेवली नाहीस तू,” ती म्हणाली. “चल, आधी पानावर बस.”